गाडीतला डेटा, रस्त्यावरचे कॅमेरे : नोंद ठेवायची तरी किती दिवस?

अर्धविराम

कॅमेरे हवेत की नकोत, यावर हा धागा काढलेला नाही. तो वाद पुष्कळ झालाय आणि दर वेळी तो 'लपवण्यासारखं काही नसेल तर भिता कशाला' इथे येऊन ठप्प होतो. मला बोलायचंय ते पुढच्या टप्प्याबद्दल. गाडीनं किंवा कॅमेऱ्यानं नोंद केली. मग ती कुठे जाते, किती दिवस राहते, आणखी कशाकशाला जोडली जाते? माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

आधी गाडीचं बघू. हल्लीच्या बहुतेक नव्या गाड्यांत टेलिमॅटिक्सचा एक डबा असतो. त्यात स्वतःचं सिम, स्वतःचं जीपीएस. तुमचा फोन घरी राहिला तरी गाडी कंपनीच्या सर्व्हरशी बोलत असते: कुठे आहे, किती वेगात आहे, ब्रेक किती जोरात लागला, दार कधी उघडलं, चार्जिंग किती उरलं. मोझिला फाउंडेशननं २०२३ मध्ये २५ ब्रँडची गोपनीयता धोरणं तपासली. कसोटीला एकही उतरला नाही. ८४ टक्के ब्रँडांनी ही माहिती इतरांना देण्याची मुभा स्वतःकडे राखून ठेवली होती.

कागदावरची मुभा प्रत्यक्षात कशी वापरली जाते, ते जनरल मोटर्सच्या (जीएम) प्रकरणात दिसलं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं की शेवरले बोल्ट चालवणाऱ्या एका गृहस्थांचा विम्याचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला होता. का वाढला म्हणून त्यांनी लेक्सिसनेक्सिस या माहितीचा धंदा करणाऱ्या कंपनीकडून स्वतःचा अहवाल मागवला, तर २५८ पानं हातात पडली. सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या: कधी निघाले, कधी पोचले, किती अंतर गेले, ब्रेक किती वेळा करकचून दाबला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जीएमवर कारवाई जाहीर केली. गाडीचं नेमकं ठिकाण दर तीन सेकंदांनीसुद्धा टिपलं जात होतं, असं कमिशनचं म्हणणं. असली माहिती लेक्सिसनेक्सिससारख्या ग्राहक-अहवाल बनवणाऱ्या कंपन्यांना पुरवायला जीएमला पाच वर्षांची बंदी घातली गेली.

बरं, विकली नाही, नुसती साठवली तर? फोक्सवॅगन समूहाची सॉफ्टवेअर कंपनी आहे, कॅरियाड. तिच्याकडच्या सुमारे ८ लाख विजेवरच्या गाड्यांची माहिती क्लाउडवर उघडी पडली होती, हे डिसेंबर २०२४ मध्ये डेर श्पीगेल हे जर्मन साप्ताहिक आणि केऑस कॉम्प्युटर क्लब ही तिथल्या हॅकरांची संघटना यांनी बाहेर काढलं. त्यातल्या ४ लाख ६० हजारांच्या बाबतीत गाडी कुठे उभी केली होती ते कळत होतं, काही ब्रँडांत तर दहा सेंटिमीटरच्या अचूकतेनं. त्यात हॅम्बुर्ग पोलिसांच्या गाड्याही होत्या. त्याआधी २०२३ मध्ये टोयोटानं जाहीर केलं की जपानमधल्या साडेएकवीस लाख ग्राहकांच्या गाड्यांची माहिती क्लाउडच्या चुकीच्या सेटिंगमुळे नोव्हेंबर २०१३ पासून उघडी होती. जवळजवळ दहा वर्षं! कुणी दरोडा घातला नव्हता. दार लावायचंच राहिलं होतं.

आता रस्ता. वेगमर्यादा ओलांडल्यावरच फोटो काढणारा कॅमेरा आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा, या दोघांना आपण एकाच नावानं हाक मारतो. पहिला चुकणाऱ्यांची नोंद करतो, दुसरा सगळ्यांची. पण दुसऱ्यातही फरक पडतो तो नियमामुळे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात वाचलेली नंबरप्लेट पोलिसांच्या यादीतल्या कुठल्याही गाडीशी जुळली नाही, तर तीन मिनिटांच्या आत ती नोंद पुसावी लागते. ब्रिटनमध्ये पोलिसांची राष्ट्रीय यंत्रणा अशाच नोंदी वर्षभर ठेवते. तंत्र तेच, भिंग तेच. एकीकडे चोरीची गाडी सापडते आणि विषय संपतो; दुसरीकडे शिवाय तुमच्या वर्षभराच्या वाटा कुठेतरी पडून राहतात.

म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो: पुसण्याची मुदत किती असावी, आणि ती पाळली जाते हे तपासायचं कुणी?

चौथा गिअर

लेख चांगला आहे, पण एकांगी. ठोकून पळालेला ट्रक तीन मिनिटांत यादीवर येत नाही हो. जखमी माणूस शुद्धीवर येऊन रंग सांगेपर्यंत दोन दिवस जातात. तोपर्यंत तुमच्या न्यू हॅम्पशायरनं पाटी कोरी केलेली असते. अपहरण, खून, मुलं पळवणं, या सगळ्यांत 'त्या वेळी तिथून कोण गेलं' हाच प्रश्न असतो आणि तो नंतरच विचारला जातो.

आणि गाडीतल्या सिमला नावं ठेवताना हेही लिहा की युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलांना ईकॉल बंधनकारक आहे. एअरबॅग उघडली की गाडी स्वतःच ११२ ला फोन लावते आणि ठिकाण सांगते. रात्री खड्ड्यात पडलेल्या माणसाला गोपनीयता नको असते, ॲम्ब्युलन्स हवी असते.

निवांत

पहिल्याच प्रतिसादात चौथा गिअर! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अर्धविराम

@चौथा गिअर, ईकॉलचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, मीच देणार होतो. ते सिम एरवी झोपलेलं असतं. अपघात होईपर्यंत नेटवर्कवर नोंदणीच करत नाही, त्यामुळे रोजच्या वापरात त्यावरून माग काढता येत नाही; कायद्यातच तशी अट आहे. जीव वाचवण्यासाठी चोवीस तास पाळत लागते, हा समज तिथेच खोटा ठरतो. त्याच गाडीत शेजारी बसलेला कंपनीचा दुसरा डबा मात्र दिवसभर बडबडतो, तो ॲम्ब्युलन्ससाठी नव्हे.

तुमचा ठोकून पळालेल्या ट्रकचा मुद्दा मोठा आहे. त्याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही.

ठिणगी

मी डेटाबेसवरच पोट भरते, म्हणून एकाच गोष्टीवर लिहिते. प्रत्येक धोरणात एक वाक्य असतं की माहिती 'नाव काढून' वापरली जाते. ठिकाणाच्या बाबतीत या वाक्याला फारसा अर्थ नाही.

२०१३ मधला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी घेतल्या, नावं काढलेल्या. कुणाचेही कुठल्याही चार वेळचे ठावठिकाणे माहीत असले की ९५ टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे काढता येत होते. तेही ढोबळ नोंदींवर: वेळ तासापुरती, जागा टॉवरपुरती. गाडीचं जीपीएस त्यापेक्षा कितीतरी बारीक असतं. रात्री गाडी जिथे उभी राहते ते घर, दिवसा उभी राहते ती नोकरी. नाव कशाला हवंय?

दुसरं, 'आम्ही नंबर हॅश करतो', म्हणजे ठरलेल्या सूत्रानं त्याचं उलट न वाचता येणारं सांकेतिक रूप करून ठेवतो, असं कुणी सांगितलं तर हुरळू नका. न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या २०१३ सालच्या सुमारे १७ कोटी फेऱ्यांची माहिती २०१४ मध्ये बाहेर आली. टॅक्सीचे परवाना क्रमांक एमडी५ या सूत्रानं हॅश केलेले होते. पण परवान्याचे नमुने ठरलेले, त्यामुळे शक्य असलेले सगळे क्रमांक हॅश करून ताडून बघायला एका प्रोग्रामरला जेमतेम काही तास लागले. सगळे क्रमांक उघडे. पुढे लोकांनी प्रसिद्ध व्यक्तींचे टॅक्सीत चढतानाचे फोटो घेऊन ते कुठे उतरले, किती भाडं दिलं तेही काढलं. गाडीच्या नंबरप्लेटचं असंच आहे. नमुना ठरलेला, संख्या मर्यादित. मीठ, म्हणजे कुणाला ठाऊक नसलेली जादाची अक्षरं, न घालता केलेला हॅश म्हणजे शुद्ध देखावा.

काचेआड

ठिणगीताई, +१. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

कायद्याच्या बाजूनं थोडी भर घालतो. अर्धविराम म्हणतात तो 'जोडण्याचा' मुद्दा न्यायालयांनाही कळायला वेळ लागला. जुना युक्तिवाद असा होता की रस्त्यावर तुम्हाला कुणीही बघू शकतं, मग यंत्रानं बघितलं तर काय बिघडलं? २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जोन्स खटला आला. पोलिसांनी संशयिताच्या घरच्या गाडीला जीपीएस चिकटवून २८ दिवस माग काढला होता. ही झडतीच आहे, असं नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं. कारणं मात्र वेगवेगळी. काहींनी गाडीला हात लावला यावर बोट ठेवलं, तर काहींचं म्हणणं पडलं की इतके दिवस सलग माग काढणं हेच मुळात गैर. २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात मोबाइल टॉवरच्या जुन्या नोंदींनाही वॉरंट लागेल असं ठरलं, तेही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतानं.

जर्मनीचा प्रवास मला जास्त रंजक वाटतो. तिथल्या घटनात्मक न्यायालयानं २००८ मध्ये म्हटलं होतं की नंबरप्लेट वाचली, यादीत नव्हती आणि लगेच, काही माग न ठेवता पुसली, तर हक्काला धक्काच लागत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच न्यायालयानं हे मत बदललं. पुसली तरी तपासणी झालीच. प्रत्येक वाहनचालक तेवढ्यापुरता संशयित म्हणून चाळला गेला, आणि त्याला कायद्याचं नीट कारण लागेल. म्हणजे अर्धविराम, तुमच्या 'पुसलं की झालं' या भूमिकेच्याही पुढे ते गेले आहेत.

चौथा गिअर

झालं. आता वाचायचंसुद्धा नाही.

काचेआड

वाचायला बंदी नाही हो, कारण द्या एवढंच म्हणणं आहे. गंभीर कारण असेल तर चालतं.

मागची सीट

सगळे पोलीस आणि कंपन्यांवर बोलताहेत. मी घरातलं बोलते.

गाडीचं ॲप ज्याच्या नावावर, त्याला गाडी कुठे आहे ते फोनवर दिसतं. दारं उघडता येतात, हॉर्न वाजवता येतो, एसी चालू करता येतो. आता समजा, मार खाऊन बाई घरातून निघाली. मुलांना घेतलं, गाडी घेतली. गाडी दोघांच्या नावावर, ॲप मात्र नवऱ्याच्या. ती कुठे थांबली आहे ते त्याला बसल्या जागी कळतं. तिनं कंपनीला फोन केला तर कंपनी म्हणते, खातेदाराची परवानगी आणा! अमेरिकेत अशी प्रकरणं कोर्टात गेली, तेव्हा कुठे कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा केला की पीडितेनं कागदपत्रं दिल्यावर कंपनीनं दोन कामकाजी दिवसांत त्या माणसाचा प्रवेश बंद करावा. दोन दिवससुद्धा मला जास्तच वाटतात, पण निदान काहीतरी आहे.

पोलिसांच्या यंत्रणेतही हाच रोग. कॅन्सास राज्यातल्या एका गावच्या पोलीसप्रमुखानं माजी प्रेयसीची आणि तिच्या नव्या मित्राची गाडी शोधायला नंबरप्लेट कॅमेरे मिळून २०० हून अधिक वेळा वापरले. शोधताना कारणाच्या रकान्यात काहीतरी खोटं लिहायचं की झालं. 'लपवण्यासारखं काही नसेल तर' म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या जागी उभं राहून बघावं.

हिशेबी

@मागची सीट, हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद.

विम्याबद्दल दोन ओळी. वापरानुसार हप्ता ही कल्पना मुळात वाईट नाही. कमी चालवणाऱ्यानं जास्त चालवणाऱ्याचा भार का उचलावा? मी विचारून, समजून सही केली तर तो सौदा झाला. जीएमच्या प्रकरणात लोकांना वाटलं की आपण गाडी सुधारून चालवायचं एक फीचर चालू केलंय. शिवाय करकचून ब्रेक म्हणजे वाईट चालक, हे गणितच कच्चं आहे. समोर मूल धावत आलं तर चांगला चालकच करकचून ब्रेक मारतो. सेन्सरला मूल दिसत नाही, फक्त झटका दिसतो. आणि तो झटका मारला कुणी, मालकानं की त्याच्या भाच्यानं, हेही कळत नाही.

वेलांटी

अवांतर: इंग्लंडात बाथ शहरात २०२१ मध्ये एका गाडीमालकाला बसच्या मार्गिकेत गाडी घातल्याचा दंड आला. गाडी तर तिथे गेलीच नव्हती. फोटो बघितला तर त्यात एक बाई चालत होत्या, अंगात टीशर्ट, त्यावर इंग्रजीत 'निटर'. पर्सचा पट्टा मधल्या अक्षरांवर आला आणि यंत्रानं त्याची नंबरप्लेट केली! विणकाम करणाऱ्यांनी सावध राहा.

अर्धविराम

@वेलांटी, हसून घेतलं. पण याची दुसरी बाजू ऑरोरा, कोलोरॅडो. ऑगस्ट २०२० मध्ये पोलिसांनी एका कुटुंबाची गाडी अडवली आणि लहान मुलींसकट सगळ्यांना पिस्तुलं रोखून रस्त्यावर पालथं झोपवलं. कॅमेऱ्यानं नंबर बरोबर वाचला होता. त्याच नंबरची चोरीची मोटरसायकल होती, पण मोंटाना राज्याची. एकानंही राज्य पाहिलं नाही, गाडी की दुचाकी तेही पाहिलं नाही. २०२४ मध्ये शहरानं १९ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. यंत्र 'जुळलं' म्हणालं की माणूस डोळे मिटतो, याची मला जास्त भीती वाटते.

उलट उदाहरणही देतो, नाहीतर चौथा गिअर पुन्हा एकांगी म्हणतील. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर २०१९ पासून गाडी चालवताना फोन वापरणाऱ्यांना कॅमेरे टिपतात. काचेतून थेट मांडीवरचा फोटो, म्हणजे वरवर पाहता याहून आगाऊ कॅमेरा नसेल. पण संगणकाला ज्यात काही वावगं दिसत नाही ते फोटो सहसा तासाभरात कायमचे पुसले जातात आणि दंडाआधी माणूस फोटो बघतो. हे मला मान्य आहे. मी कॅमेराविरोधी नाही, हे तिसऱ्यांदा सांगतोय.

दहाचा पाना

गॅरेजवाला आहे, तुमच्यासारखं लिहिता येत नाही, पण गाडीत काय काय असतं त्यात गल्लत होतेय ती सोडवतो.

एअरबॅगच्या युनिटबरोबर असतो तो ईडीआर, म्हणजे इव्हेंट डेटा रेकॉर्डर. धडक होण्याआधीचे साधारण पाच सेकंद त्यात राहतात: वेग, ब्रेक, बेल्ट लावला होता का. युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचा आहे आणि गाडी कुणाची ते कळेल अशी माहिती त्यात ठेवायची नाही, असा नियमच आहे. तो बाहेर काही पाठवत नाही. याला घाबरू नका. अपघातात चूक तुमची नसेल तर हाच तुमचा साक्षीदार.

टेलिमॅटिक्सचा डबा तो वेगळा. वरती अर्धविरामसाहेबांनी लिहिलंय तो. काही गाड्यांत फ्यूज काढून बंद पडतो, पण त्याबरोबर माइक किंवा स्पीकरही जातो आणि वॉरंटीची कटकट होते. मी कुणाला काढून देत नाही.

तिसरा म्हणजे स्क्रीन. लोकांचं लक्ष नसतं ते इथे. फोन जोडला की कॉन्टॅक्ट, कॉलची यादी, कधीकधी मेसेजसुद्धा स्क्रीनच्या मेमरीत उतरतात. जुनी गाडी कामाला येते तेव्हा आधीच्या मालकाचं घर 'होम' म्हणून सेव्ह असतं, आणि गॅरेजच्या दाराचा रिमोटही कधीकधी गाडीतच जोडलेला असतो. घराचा पत्ता आणि दार उघडायची सोय, दोन्ही एकाच गाडीत!

आणि टायर. हवेचा दाब सांगणारा सेन्सर रेडिओवर आपला कायमचा नंबर ओरडत असतो, कुलूप-बिलूप काही नाही. २०१० मध्येच अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या लोकांनी चाळीस मीटरवरून तो पकडून दाखवला होता. नंबरप्लेट झाकलीत तरी टायर बोलतो.

ठिणगी

@दहाचा पाना, तुम्हाला लिहिता येत नाही म्हणे! धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

टायरच्या नंबरवर उपाय अवघड नाही, हे आवर्जून सांगते. गाड्यांनी एकमेकींशी बोलण्याचं जे तंत्र आहे, ज्यात गाडी आपली जागा आणि वेग सेकंदाला दहा वेळा आसपास पाठवते, त्यात ओळखपत्रं सतत बदलत ठेवण्याची सोय सुरुवातीपासूनच आखलेली आहे. म्हणजे समोरच्या गाडीला 'खरी गाडी आहे' एवढं कळतं, 'कालचीच गाडी आहे' हे कळत नाही. आधीच ठरवलं तर जमतं. मागाहून बसवणं महागात जातं, म्हणून कुणी बसवत नाही.

चौथा गिअर

बरं, मीही हिशेबानं बोलतो. तीन मिनिटं मला मान्य नाहीत. वर्षही नको, मागची सीट यांचं वाचल्यावर तर नकोच. तीस दिवस ठेवा. चोवीस तासांनंतरच्या नोंदी उघडायला गुन्ह्याचा क्रमांक आणि न्यायाधीशाची सही लागू दे. कोणी, कधी, कुठली गाडी शोधली त्याची नोंद मात्र दहा वर्षं ठेवा आणि ती बाहेरच्या माणसाला तपासू द्या. पोलिसांचा शोध जपून ठेवा, लोकांच्या वाटा पुसा. हे चालेल?

अर्धविराम

तीस दिवस मला जास्त वाटतात, सात म्हणालो असतो. पण शोधणाऱ्याचीच नोंद ठेवण्याचा मुद्दा मूळ लेखात हवा होता. कॅन्साससारख्या प्रकारात तशाच नोंदी कामाला येतात. एक शर्त जोडा: एका गावाचा डेटा दुसऱ्या गावानं आपोआप बघायचा नाही. २०२५ मध्ये टेक्सासमधल्या एका शेरीफ कार्यालयानं गर्भपात केलेल्या एका बाईला शोधायला देशभरातल्या ८३ हजारांहून अधिक कॅमेऱ्यांत शोध लावला होता. त्यातले कित्येक कॅमेरे ज्या राज्यांत होते, तिथे गर्भपात गुन्हाच नाही. आपल्या चौकात कॅमेरा बसवायला हो म्हणणाऱ्या नागरिकाला याची कल्पना तरी असेल का?

काचेआड

कंपनीकडच्या नोंदींबद्दल राहिलंच. युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून डेटा ॲक्ट लागू झालाय. गाडी वापरणाऱ्याला गाडीनं तयार केलेला डेटा मागता येतो, आणि हव्या त्या गॅरेजलाही द्यायला सांगता येतो. मागायला जाल तेव्हा ओळख पटवण्याच्या नावाखाली चार जास्तीचे कागद मागतील, ते देऊ नका. कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये होंडाला नेमका यावरून ६ लाख ३२ हजार ५०० डॉलर दंड झाला: माहिती विकू नका एवढं सांगायलाही ते गरजेपेक्षा जास्त तपशील मागत होते.

निवांत

पॉपकॉर्न संपले. दहाचा पाना, एक विचारू? माझी गाडी पुढच्या आठवड्यात विकतोय. स्क्रीनवर रीसेट दाबलं की पुरे का?

दहाचा पाना

पुरे नाही. आधी फोनवरच्या ॲपमधून गाडी खात्यातून काढा. मग गाडीच्या स्क्रीनवर फॅक्टरी रीसेट. नुसतं रीसेट केलंत तर स्क्रीन कोरी होते, पण कंपनीच्या सर्व्हरवर गाडी तुमच्याच खात्याला चिकटलेली राहू शकते. मग नवा मालक कुठे फिरतो ते तुम्हाला दिसत बसेल. नवऱ्याबायकोची, मुलांची वेगळी खाती जोडली असतील तर तीही काढा. दाराचा रिमोट जोडला असेल तर तो पुसा. ओबीडीच्या सॉकेटमध्ये, म्हणजे आम्ही तपासणीचं यंत्र जोडतो त्या खाचेत, विमावाल्यांचं काही खोचलेलं असेल तर उपटून घ्या, लोक हमखास विसरतात. आणि जुनी गाडी घेत असाल तर हेच सगळं समोरच्याला आपल्यादेखत करायला लावा, मगच चावी घ्या.